चौदा मिनिटं आणि एक खोकला

फिल्म माझ्याकडे आली तेव्हा मुकी होती. अगदीच मुकी म्हणता येणार नाही, कारण कॅमेऱ्यावरचा छोटा माइक शूटिंगभर चालू राहिला होता. त्यामुळे नायिका नायकाच्या छातीवर डोकं टेकवते तिथे छायाचित्रकार ओरडतोय, "फोकस गेला, परत, परत", आणि खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर रिकामा होतोय. असा ट्रॅक आम्ही ध्वनिवाले पायलट म्हणून ठेवतो. ओठ आणि पावलं कुठे जुळवायची एवढंच त्यातून कळतं. बाकी सगळा आवाज पहिल्यापासून करायचा.

दिग्दर्शक जाहिरातींतला. त्याच्या एका कपड्यांच्या साबणाच्या फिल्मला मी आवाज केला होता. तेव्हापासून तो मला ताई म्हणतो आणि पैसे कमी देतो. या वेळी म्हणाला, "ताई, खिशातले पैसे घालतोय. 25 हजारांत बसवशील?" फिल्म बघायच्या आधीच मी हो म्हटलं. हे असं करू नये, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे.

14 मिनिटं. लग्नाला अकरा वर्षं झालेलं जोडपं, पुण्यातला फ्लॅट, एक रात्र. कित्येक महिन्यांत एकमेकांना नीट हातही न लावलेली दोन माणसं. वीज जाते, आणि मग पहाटेपर्यंत जे काय होतं ते. संवाद मोजून नऊ. पण दिसत काय होती! खिडकीतून निळा उजेड, बाथरूमच्या दारातून गुलाबी (वीज गेल्यावर हा गुलाबी उजेड कुठून येतो, ते मी विचारलं नाही), काळी सॅटिनची चादर, मानेवरून संथ, अतिसंथ ओघळणारा पाण्याचा थेंब. पहिल्या खेपेला बघताना मला सारखं वाटत होतं की आता शेवटी अत्तराची बाटली येणार.

"आवाज एकदम जवळचा हवा, ताई," तो म्हणाला. "स्किन ऐकू आली पाहिजे."

आता स्किन काही ऐकू येत नाही. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवरून फिरला तर त्याच खोलीतल्या तिसऱ्या माणसालाही पत्ता लागत नाही. सिनेमात ऐकू येतो, कारण कुणीतरी बसून तो आवाज केलेला असतो. या कामाला फोली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली नावाच्या माणसावरून ते नाव पडलं. बोलपट नवे होते तेव्हा, 1929 च्या आसपास, तो पडद्यावरचं चित्र बघत बघत माइकसमोर पावलं टाकायचा, कपडे सळसळवायचा. पद्धत आजही तीच. चित्र लावायचं आणि पडद्यावरचा माणूस जे करतो ते त्याच क्षणाला आपण करायचं. पावलं एका ट्रॅकवर, कपड्यांची हालचाल दुसऱ्या, हातातल्या वस्तू तिसऱ्या. मुंबईत यातले उस्ताद आहेत, चपलांची पोती आणि दारांच्या कड्या घेऊन बसलेले. 25 हजारांत उस्ताद येत नाहीत. म्हणून मीच.

माझा स्टुडिओ म्हणजे कर्वेनगरच्या फ्लॅटमधली आमची झोपायची खोली. कपाटाच्या बाजूला आवाज शोषणारे रॉकवूलचे पॅनल, खिडकीवर दोन गोधड्या, दाराखाली जुन्या टॉवेलची गुंडाळी. पलीकडच्या खोलीत सासूबाई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी झोपतात. दिवसा रेकॉर्डिंग अशक्यच: कुकर, स्कूटर, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास. म्हणून रात्री एक ते चार. माइक साधाच, रोड कंपनीचा एनटी-वन-ए, पण बारीक आवाजाला तो मला महागड्या शॉटगन माइकपेक्षा बरा वाटतो. त्याची स्वतःची खरखर फक्त 5 डेसिबल आहे. शूटिंगला बूमवर, म्हणजे लांब दांडीवर, लावतात त्या 416 शॉटगनची 13. हात हातावरून फिरवल्याचा आवाज टिपायचा म्हणजे माइकची खरखर त्या आवाजाहून कमी हवी, नाहीतर पडद्यावर प्रेम आणि कानात पाऊस.

पहिल्या रात्री चुंबनं केली. ही आमच्या धंद्यातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट: चुंबनाचा आवाज स्वतःच्याच हाताचं चुंबन घेऊन करतात. मनगटाच्या आतल्या बाजूला कोरडा येतो, अंगठ्याच्या मुळाशी ओला. पडद्यावर साडेचार सेकंदांचं चुंबन होतं. मी त्याचे एकवीस टेक केले. एकविसाव्या टेकनंतर भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, काय खातेस एवढ्या रात्री?"

"काही नाही आई, काम चाललंय."

"बरं. झाकून ठेव नाहीतर मुंग्या होतात."

सॅटिनच्या चादरीने मात्र छळलं. डोळ्यांना ती गार, गुळगुळीत, माइकला मात्र तळणीत काहीतरी सोडल्यासारखी. माणूस कुशीवर वळला की चर्रर्र. दोन रात्री वाया गेल्यावर मी कपाटातून सासूबाईंच्या आईचं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. ते कापसाच्या गादीवर अंथरलं आणि त्यावर हात फिरवला. पडद्यावर काळं सॅटिन आणि कानात नऊवारी सुती लुगडं! कुणालाही कळलं नाही. उलट दिग्दर्शक म्हणाला, "चादर मस्त वाजतेय, ताई." पलंग मात्र कुरकुरवायचा नाही, यावर आमचं पहिल्याच दिवशी एकमत झालं होतं. पलंग कुरकुरला की प्रेक्षक खुदखुदतात आणि चित्रपट दोन इयत्ता खाली उतरतो.

पाल त्याला विचारून घालायला हवी होती. रात्रीचा आसमंत भरायला मी लांब कुत्री, वॉचमनची काठी, आणि एका शांत जागी पालीचा आवाज टाकला. माझ्याच स्वयंपाकघरातली, ट्यूबलाइटमागची, उत्तम रेकॉर्डिंग. नवरा खिडकीशी उभा, बायको पाठमोरी, चुक् चुक् चुक्. दिग्दर्शक ऐकून हादरला. "अगं, पाल चुकचुकली म्हणजे लोक समजणार याचं बाहेर काहीतरी आहे!" त्याचं बरोबर होतं. मराठी प्रेक्षकाच्या मनात पाल उगाच चुकचुकत नाही. काढली.

बांगड्यांवरून खरा वाद झाला.

नायिकेच्या हातात सहा सहा काचेच्या बांगड्या होत्या. दिग्दर्शकाला त्या वाजायला हव्या होत्या. आपल्याकडे बांगड्या किणकिणल्या की काय समजायचं ते प्रेक्षक समजतो, कॅमेरा मग खुशाल दिव्याकडे वळावा. मी वाजवल्या. त्याला आवडल्या. मला ते ऐकवेना, आणि का ते दोन दिवस कळेना.

मग पाचव्या मिनिटाचा एक शॉट पुन्हा बघितला. ती पाण्याचा ग्लास उचलायच्या आधी डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे वर सरकवते. हाताला जवळजवळ घट्ट बसतील एवढ्या. अभिनेत्रीने सवयीने केलं असावं, आपण सगळ्याच भांडी घासताना, कणीक मळताना करतो. पण मला डोंबिवलीची आमची खोली आठवली. एकच खोली, मधे पडदा, पडद्याच्या या बाजूला मी, भाऊ आणि आजी. मला झोप लागलेली नसली की अंधारात एक आवाज यायचा: काच काचेवर घासत वर सरकल्याचा, क्रर्र, आणि मग काहीच नाही. आईच्या बांगड्या दिवसभर वाजायच्या, फक्त त्यानंतर वाजायच्या नाहीत. त्याचा अर्थ मला कळला तेव्हा मी तिशीच्या पुढे होते, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बांगड्या वर सरकवत.

मी सगळी किणकिण काढून टाकली. फक्त पाचव्या मिनिटाचं ते घासणं ठेवलं, जरा मोठं करून. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, रोमान्स गेला ना पण." मी म्हटलं आत्ता असू दे, शेवटी बघू. ध्वनिवाल्यांचं हे ठेवणीतलं वाक्य आहे. शेवटी कुणी बघत नाही.

पंखा सासूबाईंच्या खोलीतला घेतला. आमच्या खोलीतला नवीन, बिनआवाजाचा, म्हणजे माझ्या दृष्टीने निकामी. त्यांचा 1974 सालचा. शनिवार पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत आठ माणसं राहायची, तिथला. वाडा पडला, अपार्टमेंट झालं, सामान भंगारात गेलं, पण पंखा त्यांनी बरोबर आणला. पूर्ण वेगात तो घरघरतो. वेग कमी केला की त्या घरघरीतली एक एक टक् सुटी होऊन ऐकू येते. इलेक्ट्रिशियन दोनदा म्हणाला होता, दोन थेंब तेल आणि पाच मिनिटांचं काम. सासूबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "राहू दे. त्याच्याशिवाय मला झोप लागत नाही."

दुपारी मुलगी शाळेत असताना मी माइक लावला, त्यांना पलंगावर गप्प बसायला सांगितलं आणि पाचवर चालणारा पंखा एकदम बंद केला. वीज जाते तसा. थांबायला 1 मिनिट 10 सेकंद लागले. घरघर विरत गेली, मग टक टक टक, मग टक्... टक्... मग खूप वेळाने एक टक्, आणि त्यानंतर खोलीत अचानक काय काय होतं: भिंतीवरचं घड्याळ, खालच्या मजल्यावर कुणीतरी तांदूळ निवडतंय, माझं पोट. सासूबाई पात्याकडे बघत होत्या. "केवढं शांत झालं," म्हणाल्या, आणि लगेच, "लाव आता परत."

एडिटमध्ये पंखा थांबतो तो शॉट सहा सेकंदांचा होता. पण आवाजाला शॉटची हद्द नसते. मी पंखा चित्राबाहेर चालू ठेवला. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो, मग त्याच्या हातावर, मग रिकाम्या दारावर, आणि इकडे पंखा मंदावत राहतो, 52 सेकंद. शेवटच्या टक्‌नंतर दोघांना पहिल्यांदा एकमेकांचा श्वास ऐकू येतो. इथपर्यंत मी खूश होते.

मग दारातली पावलं करायला बसले. ती अनवाणी पॅसेजमधून येते, तेवढाच शॉट. पायाचं टोक नेमकं कधी टेकतं हे बघायला मी एक एक फ्रेम पुढे सरकवत होते, आणि चपलांच्या स्टँडशी, निळ्या उजेडाच्या कडेला, दिसले: लहान मुलीचे बूट. वेल्क्रोचे, एक उताणा पडलेला.

रात्रीचे दोन वाजले होते. तरी मी दिग्दर्शकाला मेसेज टाकला: मुलगी कुठंय?

सकाळी फोन आला. संहितेत मुलगी होती. सात वर्षांची, तीन प्रसंग. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी बालकलाकाराला ताप भरला, तिच्या आईने नेलं तिला, आणि एडिटमध्ये पात्रच उडालं. "बरंच झालं ना, फिल्म जास्त क्लीन झाली," तो म्हणाला. "बूट कुणी बघत नाही."

मी बघितले होते, आणि आता ते डोळ्यांसमोरून हलेनात. लग्नाला अकरा वर्षं, सात वर्षांची मुलगी, टू बीएचके. म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलंय. हे दोघं मोठ्याने श्वासही घेणार नाहीत.

चार दिवसांनी डबिंग होतं. तासावर मिळणारा स्टुडिओ, दोन्ही नट नाटकवाले, दोघंही मुरलेले. शूटिंगला मोठ्या सेटवर आता इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात, कुठे हात लावायचा, किती, कुणी खोलीत थांबायचं हे आधी ठरतं. डबिंगला तसलं कुणी नसतं. काचेपलीकडे चार पुरुष हेडफोन लावून बसलेले असतात आणि बाईला एकटीने अंधारात उभं राहून धापा टाकायच्या असतात. अभिनेत्री मला बाजूला घेऊन म्हणाली, "सगळ्यांनी ऐकायलाच हवंय का?" मी दिग्दर्शकाला आणि त्याच्या सहायकाला चहाला पाठवलं, स्टुडिओच्या मुलालाही. बटणं मीच दाबली. आणि दोघांना एकाच माइकवर उभं केलं, समोरासमोर. एरवी वेगवेगळं करतात, ट्रॅक सुटे मिळावेत म्हणून. पण श्वास दुसऱ्याच्या श्वासाला उत्तर देत असतो. सुटे सुटे घेतले तर दोन माणसं जिना चढतायत असं वाटतं.

पहिले तीन टेक छान आले आणि काही कामाचे नव्हते. ती स्वतःच म्हणाली, "वेब सिरीजला करते तसंच येतंय."

मी म्हटलं, "पलीकडच्या खोलीत सात वर्षांची मुलगी झोपलीय. भिंत चार इंची. उद्या तिची शाळा आहे."

नट हसला. त्याला तेवढ्याच वयाची मुलगी आहे. मग काही न बोलता दोघं माइकशी आले. चौथ्या टेकमध्ये आवाज जवळजवळ नव्हताच. होतं ते आवाज अडवणं: घशात थांबवलेला श्वास, नाकातून हळू हळू सोडलेला, मधेच एक हसू तोंडावर हात दाबल्यासारखं, तिचं "शू", आणि त्यावर त्याचं न आलेलं उत्तर. मी मीटरवर बघितलं, काटा तळाशी लोळत होता. मला जे हवं होतं ते आवाज न करण्यातच होतं, आणि ते टिपायला गेन (माइकची आवाज उचलायची पातळी) एवढा वाढवावा लागला की अभिनेत्रीच्या पोटातला दुपारचा डबाही रेकॉर्ड झाला.

आता फिल्ममध्ये एक जागा होती, 8 मिनिटं 40 सेकंदांवर. ऐन भरात दोघं एकाएकी थबकतात. अडीच सेकंद. ती मान किंचित वळवते, तो हलत नाही, मग दोघं पुन्हा. दिग्दर्शक त्याला 'स्टायलिश पॉज' म्हणायचा. खरं काय झालं होतं ते मला अभिनेत्रीने सांगितलं: स्पॉटबॉयच्या हातून लाइटचा स्टँड पडला, दोघं दचकून थांबले, कुणी कट म्हटलं नाही म्हणून पुढे चालू ठेवलं. एडिटरला ते आवडलं.

तिथे भिंतीपलीकडे मूल खोकलं तर?

मुलीला सांगून खोकायला लावलं. अत्यंत वाईट. शाळेच्या नाटकात आजारी आजी झाल्यासारखी खोकली, वर विचारलं, "अजून दुःखी करू का?" नाद सोडला. दहा दिवसांनी तिला खरीखुरी सर्दी झाली. मी, तिची आई, तिला वाफ दिली, छातीला तेल चोळलं, पांघरूण घातलं, आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन माइक चालू करून बसले. यावर कुणाला काय म्हणायचं असेल ते म्हणावं. पहाटे सव्वातीनला आला. दोन छोटे, एक मोठा, मग कूस बदलल्याचा आवाज आणि झोपेतला एक हुंकार. भिंतीतून आल्यामुळे त्यातलं वरचं तिखट सगळं गळून गेलं होतं, नुसता ऊबदार गोळा उरला होता. असा परिणाम यंत्रावर करता येतो, पण भिंत ती भिंत.

त्याच रात्री नवऱ्याला कामाला लावलं. दोन दिवसांची दाढी गालावर घासल्याचा आवाज हवा होता आणि घरात दाढीचा दुसरा गाल नव्हता. मधे माइक, एका बाजूला तो, एका बाजूला मी, हेडफोन माझ्या कानांवर. तीन टेक झाले. चौथ्यात त्याचं डोकं जड होत होत माझ्या खांद्यावर आलं आणि घोरण्याच्या अलीकडचा एक संथ श्वास सुरू झाला. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. सहा मिनिटं अवघडून बसले. फिल्मच्या शेवटच्या शॉटला, पहाटेच्या निळ्या उजेडात नायक झोपलेला दिसतो, तो श्वास माझ्या नवऱ्याचा आहे. नटाला मी सांगितलेलं नाही.

दिग्दर्शकाने खोकला ऐकला आणि फाइल बंद केली. "ताई, काय केलंस हे? सगळा मूड उतरला." त्याचं म्हणणं, त्याने इतक्या मेहनतीने एक जग उभं केलं, जिथे फक्त दोन माणसं आहेत, आणि मी त्यात कफ सिरप आणून ठेवलं. मी म्हटलं, जग तू उभं केलंस हे खरं, पण दारात बूट आहेत. तो म्हणाला बूट ग्रेडिंगमध्ये, रंग-उजेड नीट करताना, काळे करतो. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला: बायकोला दाखवली. खोकला ठेव. बायको काय म्हणाली ते त्याने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, अंधेरीत झालं, एका शिफ्टमध्ये, फाइव्ह पॉइंट वन: समोरच्या आणि मागच्या स्पीकरना वेगवेगळा आवाज. खोकला मागच्या डाव्या स्पीकरवर ठेवला. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. चहा वाईट होता.

प्रमाणपत्राची भानगड नव्हती. महोत्सवात दाखवायला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात, ती आयोजकांनी घेतली होती. दिग्दर्शकाला तरी धाकधूक होती, कारण आपल्याकडे कात्री आवाजालाही लागते, चित्र सोवळं असलं तरी. मी म्हटलं कापणार काय? या फिल्ममध्ये कुणी आवाजच करत नाही.

घोळ झाला तो भलतीकडेच. महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी थिएटरमध्ये तपासणी होती. मी, दिग्दर्शक आणि प्रोजेक्शनवाला. सुरुवात उत्तम. पंखा थांबला, अंगावर काटा आला. पण पावलं जरा मागून पडतायत का? पाणी जरा उशिरा? 8 मिनिटं 40 सेकंद. दोघं थबकले. अर्धा सेकंद काहीच नाही. मग मूल खोकलं.

म्हणजे आधी दचकले, मग खोकला. सगळा अर्थ गेला. नुसता अर्थ गेला नाही, वेडगळ दिसायला लागलं, या दोघांना खोकल्याचं भविष्य कळल्यासारखं. चुंबन तर सुटून गेल्यावर वाजलं.

मी हिशेब केला. एडिट सेकंदाला 23.976 फ्रेमवर होता. थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथे चालणारी डिजिटल प्रत, करताना लॅबने चित्र 24 वर चालवलं आणि आवाज होता तसाच ठेवला. फरक हजारात एक. एका मिनिटाला कळतही नाही. 520 सेकंदांवर अर्धा सेकंद, 14 मिनिटांच्या शेवटी 0.84 सेकंद, म्हणजे 20 फ्रेम. लॅबने आधी माझी चूक म्हणून सांगितलं, मग मिक्सची, मग एडिटरची. मी भांडत बसले नाही, आमचा शो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. मिक्सचा ट्रॅक हजारात एकाने आवळला (एवढ्याने सूर बदललेला कुणाच्या कानाला कळत नाही), रात्री अकराला फाइल पाठवली, पहाटे नवी हार्ड डिस्क हातात आली. त्यातला शेवटचा श्वास जुळला की नाही हे मी लॅपटॉपवर रिक्षात बसून तपासलं.

शोच्या आधी मी प्रोजेक्शनच्या खोलीत गेले. हॉलच्या आवाजाचा फेडर पाचवर होता. आम्ही मिक्स करतो तो सातच्या हिशेबाने, पण महोत्सवांत आधीच्या फिल्मला कुणीतरी तक्रार केलेली असते आणि मग दिवसभर सगळ्यांनाच पाच. "दादा, माझ्या फिल्मला सात कराल का?" तो म्हणाला, "मॅडम, लोक ओरडतात." "या फिल्ममध्ये ओरडण्यासारखं काही नाही हो, सगळे कुजबुजतच आहेत." साडेसहावर तडजोड झाली.

सासूबाईंना आणायचं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "माझा पंखा आहे ना त्यात, मी येणार." मी पोस्टर दाखवलं, म्हटलं आई, जरा तशी फिल्म आहे. त्यांनी चष्मा लावून पोस्टर बघितलं. "तशी म्हणजे? नवरा-बायकोच आहेत ना?"

त्या माझ्या शेजारी बसल्या, पर्स मांडीवर. हॉलमध्ये एसीचा सूं आवाज होता, पण साडेसहावर पंखा त्याच्या वर उठला. निळा-गुलाबी उजेड आला तेव्हा मागे कुणीतरी फोन बघत होतं. बांगड्या वर सरकल्याचा क्रर्र झाला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान एवढीशी वर केली. एवढंच, पण मी बघितलं. पंखा मंदावत गेला. टक्... टक्... हॉलमध्ये कुणी खुर्चीतही हललं नाही.

8 मिनिटं 40 सेकंद. मागच्या डाव्या कोपऱ्यात मूल खोकलं. त्या बाजूच्या सात-आठ जणांनी खरोखर मागे वळून बघितलं. आणि पडद्यावरचे दोघं थबकल्याबरोबर हॉलभर हसू पसरलं, दबक्या आवाजातलं, बायकांच्या बाजूने आधी. दिग्दर्शक दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याने अंधारात माझ्याकडे बघून हात जोडले.

मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. दिवे लागल्यावर लोक उठायला लागले तरी त्या बसूनच होत्या, पर्सची चेन उघडत, बंद करत.

"पंखा छान ऐकू आला," त्या म्हणाल्या.

"हो ना, आई. तो टक् टक् करतो म्हणूनच जमलं. तेल घातलं असतं तर काहीच उरलं नसतं."

त्यांनी पर्स बंद केली आणि उठल्या. जिना उतरताना माझा दंड धरला, रेलिंगकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी कधी घालूच दिलं नाही."